गाडी आधी पायांवर उभी करा

मरुदाचलम अण्णांसाठी मी रंगवून घेतलेला फलक आमच्या संघटनेच्या खोलीत अजून आहे. भिंतीकडे तोंड करून उभा. चांगला पत्र्याचा फलक, लाल जमीन, पांढरी अक्षरं: ‘दोष रबराचा नाही, कामगाराचाही नाही’. रंगाऱ्याने हौसेने अक्षरांना सावलीसुद्धा दिली होती. तो एक दिवसही रस्त्यावर आला नाही. का आला नाही, हे सांगायचं तर अण्णा कोण होते ते आधी सांगायला हवं. होते म्हणजे, आहेत. जिवंत आहेत. पण कोइमतूरच्या वर्कशॉपांत त्यांच्याबद्दल सगळे ‘होते’ असंच बोलतात, आणि आता माझीही जीभ तशीच वळायला लागली आहे.

अण्णा सुलूरकडचे. बाप कापडगिरणीत होता, गिरणीला टाळं लागलं, तेव्हा हा मुलगा सिंगानल्लूरला नाच्चिमुत्तू गौंडरांच्या गॅरेजात चिकटला. इंजिन खोलणारे मिस्त्री या गावात पैशाला पासरी. विहिरीच्या पंपापासून रेसच्या गाडीपर्यंत सगळं इथे बनतं, बिघडतं आणि परत दुरुस्त होतं. अण्णा इंजिनाच्या वाटेला गेलेच नाहीत. गाडीच्या पोटाखाली जी हाडं असतात, चाकाला अंगाशी धरून ठेवणारी, त्यांचे ते वैद्य. आयुष्यातला बराचसा काळ त्यांनी उताणं पडून काढला. चेहऱ्यापेक्षा त्यांचे तळपाय ओळखणारी गिऱ्हाइकं जास्त, असं त्यांची बायको वळ्ळियम्माळ म्हणायची.

चाक ज्या लोखंडी हातावर उभं असतं त्याला आर्म म्हणतात. हा आर्म गाडीच्या अंगाला जिथे जोडतात, तिथे लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून मध्ये एक मुठीएवढं जाड कडं बसवतात. तो बुश. गाडीचा मालक लाखभर किलोमीटर चालवतो आणि त्याला हा बुश ठाऊक नसतो. अण्णांचा सगळा जीव त्या मूठभर वस्तूत होता.

बुश पूर्वी रबराचाच असायचा. रबर आतल्या लोखंडी नळीला पक्कं चिकटवलेलं असतं, आणि नट आवळला की ती नळी गाडीच्या अंगाला घट्ट बसते. चाक वर-खाली झालं की रबर फिरत नाही, पिळतं. धुणं पिळल्यासारखं पिळतं आणि परत मोकळं होतं. आता नीट ऐका, पुढचं सगळं यावर आहे. नट आवळताना आर्म ज्या जागी असेल, ती त्या रबराची विसाव्याची जागा ठरते. गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळताहेत, आणि तुम्ही नट आवळून मोकळे झालात, तर गाडी खाली टेकली रे टेकली की रबर पिळलं जातं, आणि मग उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलंच राहतं. दिवसरात्र. अशा रबराला मरण लवकर येतं. म्हणून आधी गाडी खाली घ्यायची, तिचं वजन तिच्या चाकांवर येऊ द्यायचं, आणि मग खाली शिरून, पाठ खरवडून घेत, शेवटचा आवळा द्यायचा.

‘‘गाडी आधी पायांवर उभी करा,’’ अण्णा प्रत्येकाला सांगायचे. इतक्या वेळा की आमच्या भागातल्या मिस्त्र्यांनी त्याची थट्टाच करून टाकली होती. कुणी दारू पिऊन लटपटत आला की चहाच्या टपरीवरून आवाज यायचा, ‘‘आधी पायांवर उभा करा रे, मग आवळा!’’ अण्णाही हसायचे.

मग पीयू आलं. नाव पॉलियुरेथेन, पण एवढं लांब कोण म्हणतो. पिवळे, लाल, जांभळे बुश, मिठाईच्या दुकानात ठेवावेत असे. नाच्चिमुत्तू म्हातारे झाले, गॅरेज मुलाच्या हातात गेलं. मुलाचं नाव प्रनेश. त्याने बापाची पाटी उतरवून नवी लावली आणि सगळा धंदा वेगवान गाड्यांकडे वळवला. चेट्टिपाळयमच्या ट्रॅकवर आठवड्याच्या शेवटी गाड्या पळवणारी श्रीमंत पोरं त्याची गिऱ्हाइकं. त्यांना रबर नको होतं. रबर म्हणजे म्हातारपण, टॅक्सी, सासऱ्याची गाडी. पीयू कडक. चाक जिथे धराल तिथे राहतं, स्टिअरिंग हलवलं की गाडी तत्काळ वळते, आणि रबरापेक्षा टिकतंही जास्त. हे काही खोटं नव्हतं. अण्णाही खोटं म्हणत नसत. फक्त त्याला ग्रीस लागतं, ते वाळलं की बुश किरकिरतो, रस्त्यातला प्रत्येक खडा कंबरेला कळतो. आणि जिथे सांध्याला दोन दिशांनी हलायचं असतं तिथे हे कडक प्रकरण अडकून बसतं, आणि ताण लोखंडाला सोसावा लागतो. ‘‘गुडघ्याला पीयू चालेल,’’ अण्णा म्हणायचे, ‘‘खांद्याला नाही.’’

पण ऐकतो कोण? गिऱ्हाईक मागेल ते बसवायचं. अण्णांनी वर्षानुवर्षं पीयू बसवलं. आणि पीयूची नळी आत मोकळी फिरते, त्यामुळे नट हवेत आवळा की जमिनीवर, काही फरक पडत नाही. लिफ्टवर गाडी घ्यायची, उभ्याउभ्या आवळायचं, पुढची गाडी घ्यायची. पाठीला सोपं, मालकाला सोपं.

माझं आणि अण्णांचं काय नातं, तर काही नाही आणि पुष्कळ. माझे वडील खानापूर तालुक्यातून सोनं गाळायच्या कामाला इथे आले, मी राजा स्ट्रीटच्या मागे वाढलो, लेथवर बोटाचं एक पेर घालवलं, आणि मालकाने ‘तुझीच चूक’ म्हटल्यावर त्याची कॉलर धरली. तिथून ही संघटना. शाळा मी अर्धी सोडली, कायदा कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून शिकलो, आणि काळा कोट घातलेल्यांना मी आजही बोलून गप्प करतो. अण्णा मला ‘तोळर’ म्हणायचे, म्हणजे कॉम्रेड. सभांना यायचे, मागे बसायचे, हात वर करायला सांगितला की करायचे. भांडण त्यांच्या अंगातच नव्हतं. बुशचा विषय सोडून.

त्या दिवशी मी प्रनेशच्या गॅरेजात पोरांच्या सुटीसाठी भांडायला गेलो होतो, म्हणून ते बोलणं माझ्या कानांनी ऐकलंय. याळिनी आली होती. इडलीचं पीठ वाटायचे ग्राइंडर बनवणाऱ्या कारखानदाराची मुलगी. फ्रॉक घालायची तेव्हापासून बापाबरोबर या गॅरेजात यायची आणि अण्णांच्या तळपायांशी बसून त्यांना प्रश्न विचारायची. आता स्वतःची छोटी गाडी घेऊन ट्रॅकवर उतरत होती, आणि पोरांना मागे टाकत होती. मोसम सुरू व्हायचा होता. खालच्या आर्मचे मागचे बुश बदलायचे, रबर की पीयू, एवढाच सवाल.

‘‘याळिनी, अण्णांना विचारूच नकोस,’’ प्रनेश म्हणाला. ‘‘ते बैलगाडीला पण रबर लाव म्हणतील.’’

‘‘लावलं असतं तर बैलांचे खांदे वाचले असते, तंबी,’’ गाडीखालून अण्णांचा आवाज आला. प्रनेशला ते तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ.

‘‘ट्रॅकवरचे सगळे पीयू लावतात, अण्णा.’’

‘‘लावतात ना. म्हणून पार्किंगमधून एकेक गाडी निघाली की मला आमच्या किरकिरणाऱ्या परसदाराची आठवण येते.’’

याळिनी हसली. ‘‘आवाज चालेल हो मला. ब्रेक मारल्यावर गाडी सरळ राहायला हवी. बाकी काही नको.’’

तेव्हा अण्णा बाहेर आले. खांद्यावरचा पंचा काढला, त्याचं एक टोक याळिनीच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. ‘‘पीळ,’’ म्हणाले. तिने पिळला. ‘‘आता बाजूला ओढ. आता वर. जातोय ना सगळीकडे? हे रबर.’’ मग त्यांनी पान्याची दांडी तिच्या मुठीत दिली. ‘‘फिरव. फिरतेय. आता बाजूला वाकव.’’ दांडी वाकेना. ‘‘हे पीयू. अम्मणी, पोरी, बाकी सगळीकडे तुझ्या आवडीचं रंगीत बसव, मी नाही म्हणणार नाही. पण हा एक सांधा खांदा आहे. इथे रबर घे. कुरिचीचा मोल्डिंगवाला माझ्या ओळखीचा आहे, नेहमीपेक्षा कडक रबराचा करून देईल. ब्रेकला गाडी सरळ राहील. माझी जबाबदारी.’’

‘‘अण्णा म्हणतील तसं,’’ याळिनी म्हणाली.

प्रनेशने हात जोडले. ‘‘छान. उद्या काही झालं तर मी सांगितलं होतं एवढं लक्षात ठेवा.’’

‘‘तू जन्माला आल्यापासून सांगतोच आहेस,’’ अण्णा म्हणाले, आणि गॅरेजातली पोरं खिदळली. अण्णांना इतकं फुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी रेसची गाडी त्यांच्या शब्दावर सोडली होती.

बुश आले, अण्णांनी स्वतः बसवले, हात लावू दिला नाही कुणाला. याळिनी पहिल्या शर्यतीत तिसरी आली, दुसरीत दुसरी. बातमी आली की अण्णा टपरीवर सगळ्यांना चहा आणि खुसखुशीत वर्की खिलवायचे. ‘‘रबर दुसरं आलं,’’ असं म्हणायचे. मुलीचं नाव घ्यायला विसरायचे.

मग सरावाच्या एका साध्या सकाळी, सरळ रस्त्याच्या शेवटी तिने जोरात ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे खेचली गेली. टायरांच्या भिंतीत घुसली. समोरचा पत्रा आत आला आणि ब्रेकवरचा पाय पेडलांत चेंगरला. घोट्याचा चुरा. डॉक्टरांनी पट्ट्या, स्क्रू घालून पाय उभा केला, पण घोटा वाकणार नाही म्हणाले. चालेल, जिने चढेल. पण ब्रेक, ज्यात पावलाने बोटाएवढा फरक करायचा असतो, तो विषय संपला.

उजव्या बाजूचा बुश फाटलेला निघाला.

प्रनेशने त्याच संध्याकाळी शौकीन मंडळींच्या ग्रुपवर टाकलं: आमच्या गॅरेजने या कामाला पहिल्यापासून विरोध केला होता, एका जुन्या मिस्त्रीच्या हट्टापायी रबर बसवलं गेलं. आणि अण्णांना म्हणाला, ‘‘थोडे दिवस घरी बसा, अण्णा. हे थंड होऊ दे.’’

माझं डोकं फिरलं. मालकाचं गॅरेज, मालकाचं बिल, मालकाची पाटी, आणि गाडी ठोकली की नाव मिस्त्रीचं! मी फलक रंगवायला दिला. पोरं जमवली. गॅरेजसमोर बसायचं ठरवलं. मग अण्णांच्या घरी गेलो.

वळ्ळियम्माळने मला न विचारता पान वाढलं. डाळ-तांदळाचा अरिसिपरुप्पू भात, वर तूप, बाजूला कांदा. अण्णा जेवत नव्हते. भाताला नुसतीच बोटं लावत होते.

‘‘दवाखान्यात गेले होते,’’ ती म्हणाली. ‘‘दारातूनच परत आले.’’

‘‘उद्या आपण बसतोय,’’ मी म्हणालो. ‘‘प्रनेशला माफी मागायला लावतो की नाही बघा.’’

‘‘रबर फाटलं कसं, तोळर?’’ अण्णा म्हणाले. ‘‘ते फाटायला नको होतं. अजून दोन मोसम तरी नको होतं.’’

‘‘ते नंतर. आधी—’’

‘‘आधी ते,’’ अण्णा म्हणाले. मला मध्येच तोडणारा माणूस या गावात मी तरी दुसरा पाहिला नाही.

गाडी याळिनीच्या बापाने गॅरेजातून उचलून आपल्या कारखान्याच्या आवारात, शेडमध्ये नेऊन ठेवली होती. त्याने आम्हाला आत सोडलं. वाकडं बोलला नाही, सरळही बोलला नाही. शेडचं दार उघडलं आणि जाऊन ग्राइंडरच्या दगडांच्या ढिगावर बसला. तिथून घर दिसत होतं, आणि घराच्या वरच्या मजल्यावरची ओढलेली खिडकी.

अण्णा आधी डाव्या बाजूला शिरले. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘तोळर, डावा नव्यासारखा आहे.’’ आवाजात जीव आला होता. ‘‘भेग नाही. डाग नाही. बघितलं? रबर चांगलं होतं.’’

‘‘मग उजवा? माल खराब?’’ मला त्यात लगेच दुसरं भांडण दिसलं. कुरिचीचा मोल्डिंगवाला.

ते उजवीकडे गेले. आर्म अपघाताने सुटलाच होता. त्यांनी फाटलेला बुश तळहातावर घेतला, बॅटरीच्या उजेडात फिरवला. रबर एका जागी तुटलेलं नव्हतं. नळीभोवती तिरकं, वळत वळत गेलं होतं, दोरीचा पीळ सुटावा तसं. मग त्यांनी एक गोष्ट केली, ती मी विसरणार नाही. बुशच्या नळीच्या कडेला बारीक दाते असतात, नट आवळला की ते गाडीच्या अंगात रुततात आणि खुणा सोडतात. अण्णांनी रबराच्या फाटलेल्या कडा जुळवून बुश आर्ममध्ये बसवला, आर्म परत जागेवर धरला आणि दाते जुन्या खुणांत बसेपर्यंत हळूहळू फिरवला. तो बसला. आणि बसला तेव्हा आर्मचं चाकाकडचं टोक खाली झुकलेलं होतं. चांगलंच खाली. गाडी हवेत असताना असतं तसं.

त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

‘‘काय झालं?’’

‘‘हवेत आवळलंय,’’ अण्णा म्हणाले.

‘‘कुणी?’’

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला होता का मी?’’

मी म्हणालो, शक्य नाही. म्हणालो, प्रनेशने घाई केली असणार, पुढची गाडी लिफ्टवर घ्यायची म्हणून ओरडला असणार, आठवा, नीट आठवा. मला तेवढंच पुरलं असतं. मालकाच्या घाईने मिस्त्रीकडून चूक झाली: याच्यावर मी सगळी बाजारपेठ बंद पाडली असती.

‘‘नाही हो,’’ अण्णा म्हणाले. ‘‘त्या दिवशी कुणी घाई केली नाही. अम्मणी शेजारी उभी होती, मी तिला रबराचं सांगत होतो. डाव्या बाजूला आठवण राहिली. त्याआधी उजव्याला, गाडी वर असतानाच, हाताने आपलं आपण आवळून टाकलं होतं, पीयूला आवळतो तसं. मी आनंदात होतो, बाकी काही नाही.’’

इतकी वर्षं नको असलेलं पीयू बसवताना हाताला पडलेली सवय. आणि मनासारखं रबर मिळालं त्या दिवशी तीच आडवी आली. यात मी कुणाविरुद्ध घोषणा देऊ?

‘‘हे कुणाला कळलेलं नाही,’’ मी म्हणालो. ‘‘प्रनेशला नाही, ट्रॅकवाल्यांना नाही. प्रनेश रबराला शिव्या घालतोय. घालू दे. आपण म्हणू माल खराब निघाला, आपण म्हणू नुसता अपघात. तुम्ही फक्त गप्प बसा.’’

‘‘गप्प बसलो तर रबर खोटं ठरेल.’’

‘‘ठरू दे! रबराला काय पोरंबाळं आहेत?’’

‘‘आणि बोललो तर मी खोटा ठरेन,’’ ते म्हणाले, जणू मी काही बोललोच नव्हतो. ‘‘दोन्हीपैकी एक. मी खोटा ठरलेला बरा. ते खरं तरी आहे.’’

मी चिडलो. मोठ्याने बोललो, नको ते बोललो. पान्याला हात लावू देणार नाही कुणी तुम्हाला, म्हणालो. वळ्ळीअक्काला काय खायला घालणार, सत्य? मी आजही तेच म्हणेन. कष्टकऱ्याने स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची नसते. त्या कामाला जग पुरेसं आहे. अण्णांनी ऐकून घेतलं, हात पुसले, फाटलेला बुश पंच्यात गुंडाळला आणि घराकडे चालू लागले. याळिनीचा बाप उठला आणि त्यांच्यामागे गेला. मीही गेलो.

ती पलंगावर बसली होती, पाय उशीवर. पंचा उलगडून अण्णांनी बुश तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. शब्द वाया न घालता, जॅकवर गाडी चढवण्यापासून. क्षमा मागितली नाही. मला वाटतं, त्यांना ते लहान वाटलं असावं. ती ऐकत होती. बुश हातात घेऊन तिने त्या तिरक्या फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

‘‘म्हणजे रबर घ्यायचं हे बरोबर होतं?’’ तिने विचारलं.

‘‘बरोबर होतं, अम्मणी.’’

‘‘आणि आवळलं असतं नीट, तर?’’

‘‘तर काही झालं नसतं.’’

‘‘अण्णा, मला वाटत होतं मी चुकले. मी ब्रेक उशिरा मारला असं वाटत होतं. रोज तेच बघत होते डोळे मिटून.’’

‘‘तू नाही चुकलीस.’’

‘‘बरं झालं सांगितलंत,’’ ती म्हणाली. मग बुश पंच्यावर परत ठेवला. ‘‘आता तुम्ही जा. रागावले नाहीये. पण तुम्हाला बघवत नाहीये मला.’’

बापाने आम्हाला फाटकापर्यंत सोडलं. पाण्याचं विचारलं नाही. या गावात दारात आलेल्या शत्रूलाही पाण्याचं विचारतात.

दुसऱ्या दिवशी अण्णा मला न सांगता प्रनेशकडे गेले आणि त्यालाही सांगून आले. प्रनेशला मी पुष्कळ शिव्या घातल्या आहेत, पण तो दिवस मला त्याच्याबद्दलही वेगळा आठवतो. संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला, दारातच उभा राहिला.

‘‘तोळर, तुम्ही तरी त्यांना थांबवायचं होतंत,’’ म्हणाला. ‘‘मी काय केलं असतं? महिनाभर रबराच्या नावाने बोंब मारली असती आणि अण्णांना परत बोलावलं असतं. त्यांच्याशिवाय माझं चालतं का? आता कसं बोलावू? गिऱ्हाईक विचारणार, तेच का ते?’’

मी म्हणालो, मग ग्रुपवर लिही की रबर चांगलं होतं. त्याने लिहिलंसुद्धा. लांबलचक, चित्र काढून, दातेबिते दाखवून. कुणी वाचलं नाही. बाजाराला एवढं लांब वाक्य पेलत नाही. बाजाराने त्याचं आपल्यापुरतं छोटं करून घेतलं: रबर बसवलं आणि पोरीचा पाय गेला. बसवणारा मरुदाचलम. झालं. रबरही गेलं, मरुदाचलमही गेला. त्यांनी स्वतःला देऊन जे वाचवायला बघितलं, तेसुद्धा वाचलं नाही.

दुसऱ्या गॅरेजांत मी स्वतः गेलो, ओळखी काढल्या, आवाज चढवला. ‘अण्णा मोठे माणूस आहेत’ असं सगळे म्हणाले. कामावर ठेवतो असं कुणी म्हणालं नाही. टपरीवरची ती जुनी थट्टा बंद झाली. एकदा एका बाहेरगावच्या ड्रायव्हरने विसरून ती केली, तर चहावाल्याने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला.

अण्णा आता सुलूरला मेहुण्याच्या पेंडीच्या दुकानात बसतात. सरकी, कोंडा, गुरांचं खाद्य. मी मधूनमधून जातो. आम्ही जास्त बोलत नाही. एकदा मी त्यांना फलकाचं सांगितलं, की भिंतीला लावून ठेवलाय, फेकवत नाही.

‘‘फेकू नका,’’ ते म्हणाले. ‘‘पत्रा चांगला आहे. मागची बाजू कोरी असेल ना? दुसऱ्या कुणाला लागेल.’’

गेल्या खेपेला मी तिथे बसलो होतो तेव्हा पोळ्ळाच्चीचा एक मिस्त्री आला. पिकलेल्या मिशांचा, अण्णांच्याच वयाचा, त्यांना जुन्या काळापासून ओळखणारा. म्हशीसाठी सरकी घ्यायला आला होता. निदान तसं म्हणाला. पोतं स्कूटरवर बांधून झाल्यावर घुटमळला.

‘‘मरुदू, एक विचारू का? घाटातल्या शर्यतीची एक गाडी आलीय माझ्याकडे. खालच्या आर्मचा मागचा बुश. काय बसवू?’’

अण्णांनी तराजूतल्या पेंडीचे कण हाताने एका बाजूला केले. मी त्यांच्याकडे बघत होतो. तो खांदा, तो पंचा, ते सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं.

‘‘पीयू बसव,’’ अण्णा म्हणाले.

‘‘पीयू? तू सांगतोयस?’’

‘‘हवेत आवळलं तरी त्याला चालतं,’’ ते म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं पोतं पुढे ओढलं.

मिस्त्री स्कूटरवर बसून निघून गेला. मला त्याला ओरडून थांबवावंसं वाटलं, कॉलर धरून परत आणावंसं वाटलं. पण आणून त्याला सांगणार काय होतो मी? मी तर लेथवाला. अण्णा पेंड मोजत होते, आणि तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत, वजन आधी टेकू द्यायची जुनी सवय सोडायला तयार नसल्यासारखे, थांबत होते.